दोन हातांचा साठा

थिएटर बंद होऊन बरीच वर्षं झाली, त्या जागी फरशांचं दुकान आलं, तरी तिकीटबाईचं नाव काही सुटलं नाही. भाजी घ्यायला गेली की भाजीवाली विचारायची, "या तिकीटबाई, आज कोणता खेळ?" आणि ती चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणायची, "कांद्याचा. मागची रांग नको, तिथले सडके असतात."

उमेदीची सगळी वर्षं तिने काचेच्या मागे बसून काढली होती. काचेला खाली एक अर्धगोल भोक होतं. त्यातून हात यायचे आणि तिकीट घेऊन जायचे. लोकांचे चेहरे तिला फारसे आठवत नाहीत, हात आठवतात. रंगाने माखलेले, नुकतीच अंगठी घातलेले, गर्दीत चेंगरून लाल झालेले. खुर्च्या संपल्या की ती हाऊसफुल्लची पाटी काचेला टेकवायची आणि पाठ फिरवून चहा प्यायची. बाहेर कितीही गलका होवो, तिचा कप हलत नसे. होत्या तेवढ्या खुर्च्या विकल्या, संपलं. एका खुर्चीवर दोन माणसं तिच्या हातून कधी बसली नाहीत. याचा तिला अभिमान होता आणि तो खोटा नव्हता.

लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मॅटिनीमुळे सुट्टी मिळाली नाही."

थिएटरला कुलूप लागलं तेव्हा थोरल्या बहिणीने तिला बोलावून घेतलं. "घरी बसून भिंती मोजशील. त्यापेक्षा माझ्याकडे ये. फोन घे, टॉवेल वाळत घाल, आलेल्या माणसाला बस म्हण. बसवायची तुला सवय आहेच."

थोरली मालीश करायची. इस्त्रीच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, त्यात तिचा सगळा कारभार. खालच्या वाफेने वरची फरशी कायम कोमट असायची, त्यामुळे थंडीत लोक चपला काढल्या काढल्या "आहा" म्हणायचे. आतल्या खोलीत उंच लाकडी पलंग, गरम पाण्याच्या भांड्यात उभ्या केलेल्या तेलाच्या बाटल्या, आणि एक पडदा. बाहेरच्या खोलीत दोरीवर टॉवेल, भिंतीवर कॅलेंडर आणि फोनजवळ तिकीटबाई.

थोरलीचे हात म्हणजे काय होते ते सांगणं अवघड आहे. पाठीवर हात ठेवून ती थोडा वेळ नुसती थांबायची, जमिनीला कान लावून पाणी ऐकावं तसं. मग अंगठा सरळ दुखऱ्या जागेवर जायचा. माणूस कण्हायचा आणि लगेच सुस्कारा सोडायचा. घड्याळ ती खोलीत ठेवत नसे, तरी तास म्हणजे तास भरायचा. एक मिनिट आधी हात उचलणं तिच्या लेखी चोरीसारखं होतं.

पण अंगठा झिजला. उजव्या हाताचा, मुळापाशी. डॉक्टरांनी तपासलं, दाबून पाहिलं, आणि थोरलीकडे न बघता तिकीटबाईकडे बघून म्हणाले, "यांना तुम्ही आवरा. काम निम्मं करा. नाही तर हा अंगठा एक दिवस घट्ट बसेल आणि पुन्हा वळणार नाही."

तेव्हापासून हात थोरलीचे आणि हातांचा हिशोब तिकीटबाईचा, असं ठरून गेलं.

थंडीच्या दिवसांत लोक एकमेकांना भेटी देतात. कुणी आईला, कुणी नवऱ्याला, कुणी कामावरच्या सोबतिणीला थोरलीच्या मालिशीचं व्हाउचर द्यायचं. तिकीटबाईने ती जाड कागदावर छापून घेतली होती. अर्ध्या तासाची निळी, तासाची पांढरी. दोन पत्र्याचे डबे होते. व्हाउचरांची मुदत संपेपर्यंत हात जेवढे तास देऊ शकतील तेवढीच व्हाउचरं ती डब्यांत मोजून घालायची. एक पांढरं विकलं की दुसऱ्या डब्यातली दोन निळी काढून खणात टाकायची, आणि दोन निळी गेली की एक पांढरं काढायची. दोन्ही डबे एकाच वेळी रिकामे व्हायचे. यात तिला विचार करावा लागत नसे. भाकरी उलटताना कुणी विचार करत नाही, तसंच.

मग थोरलीचा जावई आला. कॉम्प्युटरवर काम करणारा, गोड बोलणारा, सासूच्या डोळ्यांत भरलेला.

"आई, लोक या जिन्याने चढून कार्ड घ्यायला कशाला येतील? घरबसल्या घेतील. मी वेबसाइट करून देतो."

"करा जावईबापू. पण मला त्यातलं काही विचारू नका. या तिकीटबाईला विचारा."

त्याने एका दुपारी लॅपटॉप उघडला. तिकीटबाई शेजारी खुर्ची ओढून बसली. निळ्याचं चित्र टाकलं, पांढऱ्याचं टाकलं, किंमत टाकली. मग त्याने विचारलं, "मावशी, दोन्हींचा साठा एकत्र धरायचा की वेगवेगळा?"

तिच्या हातांना विचारलं असतं तर त्यांनी बरोबर उत्तर दिलं असतं. पण प्रश्न तिच्या डोक्याला विचारला गेला आणि डोकं अजून काचेमागेच बसलेलं होतं.

"वेगवेगळा," ती ठामपणे म्हणाली. "बाल्कनीचं तिकीट विकलं म्हणून खालची खुर्ची कमी होते का, जावईबापू?"

जावई हसला. "नाही होत," म्हणाला, आणि त्याने खूण केली. निळ्यांचा पूर्ण आकडा टाकला, पांढऱ्यांचाही पूर्ण आकडा टाकला. जावई निघून गेला. डबे रिकामे करून तिकीटबाईने त्यात सुया-दोरे ठेवले.

त्या थंडीत व्हाउचरं अशी गेली की विचारू नका. ती टॉवेल झटकत असताना एक विकलं जायचं, चहा गाळेपर्यंत दुसरं. दोन्ही पानांवर "शिल्लक नाही" आलं तेव्हा ती खाली जाऊन इस्त्रीवाल्याला सांगून आली. "हाऊसफुल्ल," ती म्हणाली. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली आणि टाळी वाजवली.

व्हाउचर मिळालेली माणसं थंडी सरता सरता फोन करू लागली. तिकीटबाई कॅलेंडरच्या चौकोनात खूण करायची. डॉक्टरांनी घालून दिलेल्या मर्यादेबाहेर एकही चौकोन तिने भरला नाही. चौकोन भरत गेले. उन्हाळ्यापर्यंत भरले, उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत भरले. व्हाउचरांची मुदतही तिथेच संपत होती. आणि फोन वाजतच राहिला.

आधी तिला वाटलं, आपण दोनदा खूण केली असेल. मग वाटलं, लोक खोटं बोलत असतील. मग तिने लॅपटॉप उघडला. निळी सगळी विकलेली. पांढरी सगळी विकलेली. थिएटरात असं दिसलं की मालक स्वतः चहा पाजायचा. इथे तिने लॅपटॉप हळूच मिटला. खुर्च्या वर वेगळ्या असतात आणि खाली वेगळ्या असतात. इथे वरही थोरली होती आणि खालीही थोरलीच.

दुपारी थोरली गरम पाण्यात हात बुडवून डोळे मिटून बसलेली असायची. तिकीटबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ताई, एक चूक झालीय."

"तुझी?" थोरलीने एक डोळा उघडला. "मग मोठीच असणार. लहानसहान चुका तू दुसऱ्यांसाठी ठेवतेस."

"तास वेगळे विकले. अर्धे तास वेगळे विकले."

"मग?"

"दोन्ही तुझ्याच हातातले होते."

थोरलीला कळायला थोडा वेळ लागला. पाण्यातले हात तिने वर काढले, टॉवेलने एकेक बोट टिपलं. "म्हणजे विहीर एकच, आणि तू दोन्ही काठांवरून पोहरे सोडलेस."

"हो."

"किती जास्त गेलं?"

"जेवढं द्यायचं होतं त्याच्या दुप्पट गेलंय."

थोरली हसली. हसणं दमलेलं होतं, पण हसणंच होतं. "अगं, माझे हात म्हणजे तुझ्या खुर्च्या वाटल्या का तुला? शेवटचा खेळ सुटला की दुमडून ठेवायच्या?"

संध्याकाळी थोरलीने जावयाला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, घाबरू नका. सोपं आहे. निम्म्या लोकांना पैसे परत करून टाकू. एक बटण आहे."

"पैसे कुणाला जातील?"

"ज्यांनी व्हाउचर घेतलं त्यांना."

"आणि ज्यांना मिळालंय त्यांना?"

थोरलीने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"कुणीतरी कुणाला तरी सांगितलंय, की तुझी पाठ दुखते ते मला माहीत आहे, जा, जरा पड. आता मी मध्ये उभी राहून म्हणू, की नाही, ऊठ?"

"आई, तुम्ही फार मनाला लावून घेता."

"जावईबापू, माझ्या लेकीने तुम्हाला घड्याळ दिलंय ना? उद्या दुकानदार आला, तुमच्या मनगटावरून ते काढून घेतलं आणि पैसे तिच्या हातात ठेवून गेला, तर चालेल?"

"नाही चालणार," जावई हळूच म्हणाला.

"मग ते बटण राहू द्या. मी करीन सगळ्यांचं."

फोन ठेवल्यावर तिकीटबाई म्हणाली, "डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"तुला सांगितलंय. मी नुसती शेजारी बसले होते."

त्यावर बरीच भांडणं झाली. पण भांडणात थोरली नेहमी जिंकायची, कारण ती मध्येच उठून कामाला लागायची. ज्यांचे फोन येतील त्यांना ती स्वतः भरल्या चौकोनांच्या कडेला घुसवू लागली. सकाळी लवकर एक, जेवणाच्या वेळेत एक, दिवेलागणीला एक. तिकीटबाईने विरोध केला की म्हणायची, "तू विकलंस, मी फेडते. बस टॉवेलांच्या घड्या करत." यात टोमणा होता आणि तो बरोबर जागी लागत होता.

खोल्यांचा रंग बदलला. दोरीवरचे टॉवेल वाळेनात, ओलेच उतरवावे लागायचे. गरम पाण्याचं भांडं गॅसवरून खाली येईना. जिन्यावर कायम कुणीतरी बसलेलं, आणि थोरलीचं बोलणं कमी होत गेलं. आधी ती पाहुण्याला विचारायची, झोप लागते का, पाय कुठे दुखतो. आता नुसतं "पालथे व्हा" म्हणायची. तिकीटबाई बाहेर बसून ऐकायची. पूर्वी आतून थापांचा एक ताल यायचा. आता तो ताल मध्येच एका बाजूला झुकायचा, चाकाचा एक आरा मोडल्यासारखा.

एका सकाळी इस्त्रीवाल्याने तिला जिन्याच्या तोंडाशी अडवलं.

"तिकीटबाई, तुमचं कुलूप नवीन आणलंत का?"

"नाही. का?"

"काल ताईंनी माझ्या हातात किल्ली दिली. म्हणाल्या, जाम झालंय, जरा लावा. मी लावलं तर लोण्यात फिरावी तशी फिरली हो."

तिकीटबाई वर आली. थोरली मोरीपाशी उभी होती आणि कोपराने नळ बंद करत होती. तिला पाहून ती वळली आणि पदर सारखा केल्यासारखं केलं. तोही डाव्या हाताने.

 दुपारी फोन घेऊन तिकीटबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली, थोरलीला ऐकू जाणार नाही अशी. ज्यांचा दिवस ठरलेला नव्हता त्या प्रत्येकाला फोन लावायला तिने सुरुवात केली. आयुष्यभर तिने लोकांना नाही म्हटलं होतं, पण पाटी लावून. तोंडाने म्हणायची ही पहिलीच वेळ होती. पहिल्या फोनला ती एवढ्या दबक्या आवाजात बोलली की समोरच्या बाईला वाटलं, कुणीतरी गेल्याचं सांगायला फोन आलाय.

"मी मालिशीच्या इथून बोलतेय. चूक माझी आहे. हात कमी आणि व्हाउचरं जास्त विकली गेली. ताईंचा अंगठा दुखतोय, त्या दमल्यात. तुम्ही पुढच्या थंडीपर्यंत थांबाल का? नाही तर तासाऐवजी अर्धा तास घ्याल का? तेही नको असेल तर पैसे परत करते."

एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. त्या कुजबुजत म्हणाल्या, "अहो, सुनेने दिलंय. मला कुणी अंगाला हात लावलेला खपत नाही. इतके दिवस काय कारण सांगू तेच सुचत नव्हतं. तुम्हीच रद्द केलंत म्हणून सांगू?"

"सांगा. खुशाल सांगा."

"अगदी जिवावरचं टळलं बघा."

एक बसचा ड्रायव्हर म्हणाला, "पुढच्या थंडीत येतो की. माझी पाठ कुठे जातेय? बसली आहे इथेच, माझ्यासोबत." आणि खो खो हसला.

पण सगळेच हसले नाहीत. एका माणसाने बायकोसाठी व्हाउचर घेतलं होतं. "म्हणजे तुम्ही एकच वस्तू दोनदा विकलीत?" त्याने विचारलं.

"हो."

"वर तोंड करून हो म्हणता?"

"नाही म्हटलं तर खोटं होईल."

त्याने पैसे परत घेतले आणि वेबसाइटवर, थोरलीच्या फोटोच्या खाली, "फसवणूक" असं लिहून ठेवलं. तो शब्द तिथे राहिला. तिकीटबाई रोज लॅपटॉप उघडायची, तो वाचायची आणि बंद करायची.

लपून केलेली गोष्ट त्या दोन खोल्यांत किती दिवस लपणार? एका बाईने पलंगावर पडल्या पडल्या थोरलीला विचारलं, "तुम्ही फार दमलाय म्हणे? तुमच्या बहिणीचा माझ्या जावेला फोन होता." ती बाई जाईपर्यंत थोरलीने कळ काढली. मग पडदा सारून बाहेर आली.

"मी दमलेय असं कुणाला सांगितलंस?"

"ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना."

"माझ्या पाठीमागे?"

"समोर सांगू दिलं असतंस?"

"मालीशवाली दमली असं ऐकल्यावर कोण येईल गं इथे? माझ्या हाताखाली पडून माणसं हलकी होऊन जातात, ती आता माझीच विचारपूस करत बसतील. माझे हात तू गावभर वाटून टाकलेस आधी, आणि आता त्यांची कीव पण वाटतेस."

तिकीटबाईचे डोळे भरले, पण आवाज काचेमागचाच राहिला. "अंगठा वळायचा थांबला तर आंघोळीचं पाणी मी ओतेन तुझ्या अंगावर. भात मी कालवून देईन. पण पलंगापाशी तुझ्या जागी मी उभी राहू शकणार नाही ताई. ते मला येत नाही."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं, आणि बोलणं बंद केलं ते केलंच. मग काही दिवस दोघी हवेशी बोलत होत्या. "टॉवेल ओले आहेत." "तेल संपत आलंय." "कुणीतरी आलंय." खालून इस्त्रीवाला ओरडायचा, "वर माणसं राहतात की पाट्या?" 

फोनांनी फरक पडला होता. कडेला घुसवलेली माणसं कमी झाली. पण काही तासवाले उरलेच, आणि त्यांच्यात एक हमाल होता. मालगोदामात ओझी वाहणारा, दाराच्या चौकटीत मावणार नाही असा. त्याच्या दोन मुलींनी मिळून व्हाउचर घेतलं होतं, तासाचं. फोनवर तो म्हणाला होता, "मी दूर कामावर चाललोय, परत कधी येईन सांगता येत नाही. आणि पोरींनी तास म्हणून दिलाय, अर्धा घेऊन घरी काय सांगू?" तिकीटबाईला त्याला नाही म्हणता आलं नव्हतं.

तो आला तेव्हा दुपार उतरायला लागली होती. चपला काढून कोमट फरशीवर उभा राहिला आणि लहान मुलासारखा हसला. थोरलीने त्याची पाठ पाहिली. नांगरून वर्षानुवर्षं टाकून दिलेल्या रानासारखी होती ती, ढेकळांनी भरलेली. अशा पाठीला अंगठा लागतो. तिकीटबाईने पडदा ओढला आणि बाहेर बसली.

आतून थापा ऐकू येऊ लागल्या. मग तेल चोळल्याचा आवाज, मग हमालाचं कण्हणं, मग थोरलीचा श्वास, जड आणि दातांतून सोडलेला. तो आवाज ऐकताना तिकीटबाई हातातल्या टॉवेलाची घडी घालत होती आणि मोडत होती. मग आत सगळं शांत झालं.

तिला वाटलं, झालं. अंगठा बसला. ती उठली आणि पडद्याची कड बाजूला केली.

हमाल झोपला होता. तोंड उघडं, एक हात पलंगाखाली लोंबत असलेला, बारीक घोरत. आणि थोरली शेजारच्या स्टुलावर बसली होती. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. कुणीतरी तिच्याजवळ सांभाळायला ठेवून गेल्यासारखे. एवढ्या वर्षांत पलंगावर माणूस असताना ताई बसलेली तिकीटबाईने पाहिली नव्हती.

थोरलीने मान वर केली. तिकीटबाईला वाटलं, आता ओरडेल.

"अर्धा झालाय," थोरली कुजबुजली. किती दिवसांनी तिने तिकीटबाईकडे बघून बोललेलं हे पहिलं वाक्य. "झोपू दे. तास त्याचा आहे, कसाही घालवेल."

"आणि जागा झाला तर?"

"तर उरलेला करीन." तिने मांडीवरचे हात पाहिले. "डाव्या हाताने."

"आणि नाही झाला तर?"

"तर पोरींना सांगेल, तासभर झोपलो. त्याला किती वर्षांत कुणी दुपारचं झोपू दिलं असेल?"

तिकीटबाईने दोरीवरचा सर्वांत सुका टॉवेल आणून हमालाच्या पाठीवर पसरला. दुसरा गरम पाण्यात भिजवला, पिळला आणि थोरलीच्या उजव्या हाताभोवती गुंडाळला. अंगठ्याचं मूळ सुजून लिंबाएवढं झालं होतं. थोरलीने हात मागे घेतला नाही. डोळे मिटून घेतले. थोड्याच वेळात तिचा श्वास लांब झाला, आणि खोलीत दोन माणसं झोपलेली होती.

तिकीटबाईने पडदा लावला, फोनची वायर काढली आणि दारात येऊन उभी राहिली. जिन्याने पुढची बाई चढत येत होती, हातात निळ्या व्हाउचरचा छापील कागद.

"माझी वेळ झाली ना?" तिने धापा टाकत विचारलं.

"झालीय," तिकीटबाई म्हणाली. आवाज हळू होता, पण आतपर्यंत जाईल एवढा होता. "पण बसा जरा. ताई दमल्यात."

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, पडद्याकडे कान लावून. आतून कुणी काही म्हटलं नाही.